माझ्या कपाटातल्या दोन फायली (स्वमग्नता : ताकद की अपंगत्व?)

मधुमालती

आमचा लेक स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहे. कपाटात त्याच्या दोन फायली आहेत. एक निळी, एक खाकी.

निळी शाळांसाठी. त्याला काय काय येतं ते सगळं तिच्यात. चित्रं, पोहण्याचं प्रशस्तिपत्र, आणि सगळ्यात वर एक लॅमिनेट केलेला कागद. मध्य रेल्वेची सगळी स्थानकं, सीएसएमटीपासून कसाऱ्यापर्यंत आणि कल्याणला फाटा फुटून खोपोलीपर्यंत, आठव्या वर्षी एका बैठकीत लिहिलेली. एकही चुकलेलं नाही. खाकी फाईल अपंगत्वाच्या दाखल्यासाठी. त्याला काय काय जमत नाही ते तिच्यात. बुटाची नाडी, अनोळखी माणसाशी बोलणं, मिक्सरचा आवाज, रांग. शाळेत जाताना खाकी घरी ठेवायची आणि सरकारी दवाखान्यात जाताना निळी. इतक्या वर्षांत मी एकदाच चुकले.

तपासणीच्या दिवशी घाईत निळी उचलली. डॉक्टरांनी वरचाच कागद पाहिला, लेकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढं येतंय की! मग अपंगत्व कशाला लावून घेताय पोराला?" झालं, परत पाठवलं. तीन महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा दुसऱ्या बाई होत्या. आपल्याकडे ऑटिझम मोजायला 'इसा' नावाची मोजपट्टी वापरतात. ४० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७० किंवा जास्त झाली की ऑटिझम. त्यात अगदी शेवटी एक प्रश्न आहे : मुलाची एखाद्या बाबतीत असामान्य स्मरणशक्ती आहे का? बाईंनी तोच रेल्वेचा कागद पाहिला आणि ४ गुण दिले. अपंगत्वाचे ४ गुण! घरी येताना रिक्षात मला हसू आवरेना. नवऱ्याला वाटलं रडतेय.

आता मेगाब्लॉकची गोष्ट. आम्ही डोंबिवलीचे, आजी विद्याविहारला. रविवारी सकाळी फलाटावर उभे होतो आणि घोषणा झाली की मुलुंड ते माटुंगा धीम्या गाड्या जलद मार्गावरून जाणार, नाहूर, कांजूरमार्ग आणि विद्याविहारला थांबणार नाहीत. मी म्हटलं, घाटकोपरला उतरू, रिक्षाने जाऊ. माझ्या दृष्टीने विषय संपला. त्याच्या दृष्टीने जगातून एक स्थानक नाहीसं झालं होतं. "चुकीचं आहे. चुकीचं आहे. चुकीचं आहे." मग मनगट चावणं, मग आडवाच. चौदा वर्षांचा मुलगा, बापाएवढा उंच, फलाटावर. कोणीतरी "एक ठेवून द्या" म्हणालं. बूटपॉलिशवाल्याने न बोलता आपली पेटी सरकवून भिंतीकडे जागा करून दिली. त्याचं नाव मला आजही माहीत नाही.

त्यानंतर मी शनिवारच्या पेपरातली मेगाब्लॉकची चौकट कापून त्याला द्यायला लागले. आता दर शनिवारी तो फ्रिजवर रविवारचं वेळापत्रक लावतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर लोक त्याला विचारतात, बाबा रे, उद्या ठाण्याला कितीची पकडू? उत्तर बिनचूक असतं.

२ एप्रिलला, म्हणजे जागतिक ऑटिझम दिनाला, नणंदेने दरवर्षीप्रमाणे निळं फॉरवर्ड पाठवलं, 'ऑटिझम ही सुपरपॉवर आहे'. हवामान चळवळीतल्या ग्रेटा थनबर्गने २०१९ मध्ये 'वेगळं असणं ही सुपरपॉवर आहे' असं म्हटलं होतं खरं. पण तिच्या वाक्यात 'परिस्थिती योग्य असेल तर' अशी अट होती, ती फॉरवर्ड होता होता गळून पडली.

तर प्रश्न असा. ही माणसं ज्या गोष्टींमुळे ऑटिस्टिक ठरतात, त्या गुण म्हणून बघायच्या की अडचण म्हणून? मला स्वतःला दोन्ही फायली खऱ्या वाटतात आणि दोन्ही नेताना लाज वाटते. अनुभव असलेल्यांनी लिहा. नसलेल्यांनीही लिहा, पण जरा जपून.

चिऊताई_७७

वाचून गलबलले. वाचनखूण साठवली आहे. सवडीने लिहिते.

खडूस_काका

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. गुण आहे असं वाटत असेल तर दाखला घ्यायचा नाही. दाखला घेतला तर गुण म्हणायचं नाही. दोन्ही डगरींवर हात कशाला? आमच्या वेळी वर्गात एखादा विक्षिप्त असायचाच. त्याला कोणी नाव दिलं नाही की त्याची फाईल केली नाही.

मधुमालती

काका, राग नाही. पण त्या विक्षिप्त मुलाचं पुढे काय झालं, हे तुम्ही लिहिलं नाहीत.

दाखला का, ते सांगते. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, ऑटिझम त्यात नव्हताच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारांत त्याचा समावेश झाला. म्हणजे माझ्या लेकाच्या वयाची मुलं ही जवळजवळ पहिलीच पिढी, जिला कागदावर जागा मिळाली. दाखल्यावर ४० टक्के आले की परीक्षेला जास्तीचा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, निरामय योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. आणि अठरा पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालक लागला तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. रात्री झोप उडवते ती ही शेवटची गोष्ट. आम्ही गेल्यावर बँकेत सही कोण करणार? स्थानकांची यादी तिथे कामाची नाही.

खडूस_काका

बँकेत ३४ वर्षं काढली आहेत. सहीचा मुद्दा मान्य. बाकीचा नाही.

नीलिमा_ओटी

मी नाशिकला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. संशोधनाच्या बाजूने थोडं लिहिते.

गुंतागुंतीच्या चित्रात लपलेला छोटा आकार शोधायची एक चाचणी असते. शहा आणि फ्रिथ यांनी १९८३ मध्ये दाखवलं की ऑटिस्टिक मुलं त्यात इतरांच्या पुढे जातात. आधी याचा अर्थ 'यांना अख्खं चित्र दिसत नाही' असा लावला गेला. म्हणजे पोरगं जिंकलं तरी कमतरता त्याचीच! पुढे कॅनडातल्या लॉरेंट मॉट्रोन यांच्या गटाने उलटा प्रश्न विचारला. त्या गटातल्या मिशेल डॉसन स्वतः ऑटिस्टिक आहेत. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं की ऑटिस्टिक मुलांना नेहमीच्या बुद्ध्यंक चाचणीऐवजी रेव्हनची आकृत्यांची चाचणी दिली, तर त्यांची पातळी सरासरी ३० शततमकांनी (पर्सेंटाइलने) वर जाते. मुलं तीच, फक्त कागद बदलला.

पण रोजच्या कामात मला दुसरी बाजूही दिसते. माझ्याकडे एक सहा वर्षांचा मुलगा यायचा. फरशीवरचा केस त्याला दारातून दिसायचा. कौतुक करावं अशी नजर. पण तो केस उचलल्याशिवाय त्याला पुढचं पाऊल टाकता यायचं नाही, आणि आमच्याकडे दिवसाला पंधरा मुलं येतात, केसांना काय तोटा! ही ताकद की अडचण, हे मी आजवर ठरवलेलं नाही. मी फक्त त्याच्या वेळेआधी झाडून घ्यायला लागले.

तासगावकर

माझा थोरला भाऊ ४१ चा आहे. गावात त्याला भोळा म्हणतात. पुण्यात दाखवलं तेव्हा तो ३६ चा होता, तेव्हा ऑटिझम हा शब्द घरात आला. आईने विचारलं, "म्हंजे भोळाच न्हवं?"

आमची द्राक्षं आणि बेदाण्याचं शेड आहे. बेदाणा निवडायला बायका बसतात. पिवळ्यातला काळपट मणी, काडी राहिलेला मणी बाजूला काढायचा. दादा बसला की बायका हात आखडता घेतात, कारण त्यांनी निवडून झालेल्या ढिगातून तो पुन्हा ओंजळभर काढतो. बोलत नाही, नुसता त्यांच्यापुढे ठेवतो. एकदा व्यापाऱ्याने नमुना बघून भाव पाडायला सुरुवात केली, तर दादाने त्याच्याच हातातल्या दुसऱ्याच्या नमुन्यातले चार मणी काढून दाखवले. हसावं का रडावं कळेना.

पण शेडमध्ये गंधकाची धुरी द्यायची असली की त्याला आदल्या दिवशी मामाकडे पाठवावं लागतं. तो वास त्याला आठवडाभर जात नाही, जेवत नाही. सौद्याला एकदाच नेला. ओरडाआरडा, गर्दी. तिथून जो पळाला तो संध्याकाळी कवठेमहांकाळच्या रस्त्यावर सापडला.

आता नातेवाईक म्हणतात, बघा, देवाने एक काढून घेतलं तर दुसरं दिलं. मला हे वाक्य आवडत नाही. देवाने काय हिशोबाची वही घातली आहे का? आणि द्राक्षं काढून ऊस लावला तर दादाचं काय? उसात निवडायला काही नसतं.

चिऊताई_७७

'उसात निवडायला काही नसतं'... किती वेळ थांबले या वाक्याशी.

उत्साही_मावळा

मस्त धागा! सकारात्मक राहायला हवं. आइनस्टाईन, न्यूटन सगळे ऑटिस्टिकच होते. आणि ॲस्पर्गर म्हणजे हुशारवाला ऑटिझम ना? तो असेल तर काळजीच नाही. जाता जाता, हल्ली मोबाईलमुळे प्रमाण वाढलंय असं वाचलं.

शून्य_शेष

मी ऑटिस्टिक आहे. वय ३३, पुणे, सॉफ्टवेअर टेस्टिंग. निदान २९ व्या वर्षी झालं. एरवी इथे फक्त वाचतो. वरच्या प्रतिसादात तीन दुरुस्त्या आहेत, त्या केल्याशिवाय मला झोप लागणार नाही. (हे लक्षण आहे की गुण, ते धागाकर्तीने ठरवावं.)

मेलेल्या माणसांचं निदान करता येत नाही. आइनस्टाईन आणि न्यूटन यांची तपासणी कोणी केलेली नाही.

मोबाईलचं : लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं वर्णन केलं १९४३ मध्ये. तेव्हा मोबाईल नव्हते.

तिसरी जरा लांब आहे. हान्स ॲस्पर्गर हे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ. १९४४ मध्ये त्यांनी चार मुलांवर निबंध लिहिला. अशा मुलांना ते 'छोटे प्राध्यापक' म्हणत. म्हणजे आज चाललेली 'गुण बघा, गुण बघा' ही भाषा तेव्हापासूनची आहे. पण तो नाझी राजवटीतला व्हिएन्ना होता. त्याच शहरात आम श्पीगेलग्रुंड नावाचं मुलांचं इस्पितळ होतं, जिथे जवळपास ८०० अपंग आणि आजारी मुलं मारली गेली. हेर्विग चेक या इतिहासकाराने जुनी कागदपत्रं काढून २०१८ मध्ये दाखवलं की ॲस्पर्गर यांनीही तिथे मुलं पाठवली होती. त्यांना कितपत कल्पना होती यावर अभ्यासकांत वाद आहे. मी एवढंच म्हणतो की 'या मुलांचा समाजाला उपयोग होईल' हे वाक्य जिथे बोललं गेलं, तिथे ज्यांचा उपयोग दिसत नव्हता त्यांच्यासाठी वेगळा दरवाजा होता. २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचार तज्ज्ञांच्या नव्या नियमावलीत ॲस्पर्गर हे वेगळं निदान काढून सगळं एकाच ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये घेतलं, ते वेगळ्या कारणांनी. पण मला बरं वाटलं. 'हुशारवाला' असा वेगळा डबा आता नाही.

म्हणून कोणी मला 'तुझी ताकद काय' असं विचारलं की माझा पहिला विचार असतो, नसती तर?

उत्साही_मावळा

बापरे. हे माहीत नव्हतं. ॲस्पर्गरचं वाक्य मागे घेतो. सॉरी.

खडूस_काका

शून्य_शेष, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण मग तुम्ही टेस्टिंगमध्ये चांगले असणार, ते ऑटिझममुळेच ना? की तेही म्हणायचं नाही? दिवा घ्या (म्हणजे हलकेच घ्या), पण उत्तर द्या.

शून्य_शेष

दिवा घेतला. उत्तर : काही अंशी हो. दहा स्क्रीन बघून झाल्यावर अकरावीवरचं एक पिक्सेल सरकलेलं बटण मला खुपतं. ते शोधायला मी प्रयत्न करत नाही, न दिसण्यासाठी प्रयत्न करावा लागेल. हे ओळखून डेन्मार्कमध्ये २००४ मध्ये 'स्पेशालिस्टर्ने' ही कंपनी निघाली, ऑटिस्टिक टेस्टर घेणारी. २०१३ मध्ये सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने तसा कार्यक्रम जाहीर केला, त्याचा सुरुवातीचा प्रयोग आपल्याकडे बंगळुरूला झाला होता. चांगलंच आहे. पण बघा, सगळे कॉम्प्युटरपाशीच का येऊन थांबतात? माझ्यासारख्या एखाद्याला गणित येत नसेल, कवितेत गती असेल, तर त्याच्यासाठी कोणती कंपनी निघाली?

आता दुसरी बाजू. आधीच्या कंपनीत माझ्या डोक्यावर जुनी ट्यूबलाईट होती, चोकवाली. ती गुणगुणते. तुम्हाला ऐकू येत नसेल. मला दिवसभर ऐकू यायची, आणि पलीकडच्या टोकाच्या कॅन्टीनमधले चमचेही. मी बटणं शोधत होतो त्याच डोक्याने चमचे मोजत होतो. घरी येऊन दोन तास अंधारात बसायचो. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "थोडं ॲडजस्ट करायला शिक." बढतीच्या वेळी कळलं की बग शोधण्याचे गुण वेगळे आणि क्लायंटशी हसून बोलण्याचे वेगळे, आणि या दुसऱ्या गुणांचं वजन जास्त. क्लायंटशी बोलताना डोळ्यांत बघायचं, मान डोलवायची, मध्ये एक विनोद. हे मी करू शकतो. करतोही. पण त्या अर्ध्या तासाची किंमत मी शनिवारी फेडतो.

आणखी एक. डेमियन मिल्टन नावाचे ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ आहेत. २०१२ मध्ये त्यांनी मांडलं की आम्हाला तुम्ही कळत नाही हे जितकं खरं, तितकंच तुम्हाला आम्ही कळत नाही हेही खरं. अडचण दोघांच्या मधल्या जागेत आहे. ती फक्त आमच्या खात्यावर मांडली जाते.

नीलिमा_ओटी

+१. जाता जाता, सगळ्यांना विनंती, आम्ही थेरपिस्ट जेव्हा पालकांना 'डोळ्यांत बघायला शिकवा' म्हणतो तेव्हा आम्हालाही थांबवा. मी पहिली सात वर्षं तेच केलं.

संपादक

स्टेम सेल उपचाराची जाहिरात करणारा एक प्रतिसाद काढला आहे.

नीलिमा_ओटी

आभार. मी तो वाचला होता. ऑटिझमवर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक सूचनांमध्ये तो बसत नाही. पालकांनो, दागिने मोडू नका.

अटलांटिक

न्यू जर्सीहून लिहितेय. मधुमालतीच्या दोन फायली वाचून हसले, कारण आमच्याकडे त्या एकाच फायलीत असतात. इथे शाळा प्रत्येक अशा मुलासाठी लेखी आराखडा करते, आयईपी म्हणतात. कायद्यानेच तो करताना मुलाची बलस्थानं विचारात घ्यावी लागतात. फार छान वाटतं ऐकायला. आमच्या मुलीच्या आराखड्यात पहिल्या वर्षी बलस्थानांच्या रकान्यात होतं, 'हसरी आहे.' बस्स. पुढची अकरा पानं अडचणींची, कारण स्पीच थेरपीचे तास त्यांच्यावरच ठरणार. मीटिंगच्या आदल्या रात्री मी आणि नवरा बसून ती सगळ्यात वाईट दिवशी कशी असते ते आठवायचो. सकाळी तिच्या केसांची वेणी घालताना तिच्याकडे बघवायचं नाही.

एक सांगू का, इथेही मराठी मंडळांत लोक बोलत नाहीत. गणपतीत आरतीच्या वेळी ती कान झाकून बाहेर उभी असते, तर एक काकू म्हणाल्या, "हिला देवाधर्माची आवड नाही का?" झांजांची नाही काकू, देवाची आहे. मोदक साचा न वापरता करते, प्रत्येकाला अकरा कळ्या. दहाचा झाला तर मोडून पुन्हा.

मधुमालती

अटलांटिक, 'सकाळी बघवायचं नाही'. तेच. अगदी तेच.

वनिता_क

सगळं वाचलं. सगळ्यांची मुलं काही ना काही करतात. स्थानकं, बेदाणे, मोदक, सॉफ्टवेअर.

माझी मुलगी बावीस वर्षांची आहे. इचलकरंजी. बोलत नाही. दात घासून द्यावे लागतात, पाळीच्या दिवसांत सगळं मला करावं लागतं. तिची स्मरणशक्ती असामान्य नाही. चित्र काढत नाही. एक ओळखीचे सर घरी यायचे, त्यांनी सहा महिने शोधलं तिच्यात काहीतरी लपलेलं असेल म्हणून. मग यायचे बंद झाले. तिच्यात काही सापडलं नाही म्हणून ते जे खट्टू झाले ना, ते मी विसरणार नाही.

गच्चीवर चादरी वाळत घातल्या की ती त्यांच्या खाली जाऊन बसते. ऊन चादरीतून येतं ते बघते. तास तास. एवढंच. ही ताकद आहे का? कोणाला उपयोग आहे का? मला ते विचारावंसंच वाटत नाही. तुम्ही लोक ताकद ताकद म्हणता तेव्हा माझी मुलगी तुमच्या यादीतून निघून जाते. आणि अपंग अपंग म्हणता तेव्हा ती चादर निघून जाते. सॉरी, जास्त बोलले.

तासगावकर

ताई, जास्त नाही बोललात.

खडूस_काका

मधुमालती, तुम्ही विचारलं होतंत की आमच्या वर्गातल्या त्या मुलाचं पुढे काय झालं. चार दिवस आठवतोय. आठवीनंतर तो आलाच नाही. कोणी विचारलं नाही, मीही नाही. घराबाहेरच्या पायरीवर बसलेला दिसायचा, मी कॉलेजला जायचो तेव्हाही. बाकी माझं मत आहे ते आहे.

शून्य_शेष

वनिताताई, यादीतून तुमची मुलगी निघून जाते हा मुद्दा माझ्या प्रतिसादात नीट यायला हवा होता. आला नाही. मी बोलू शकतो, लिहू शकतो, म्हणून 'आम्ही' लिहिताना मी सगळ्यांच्या वतीने लिहिल्यासारखं होतं. ते चूक आहे.

एक विचारू का? ती कोणत्या वेळी जास्त ओरडते किंवा बेचैन होते, आणि कुठे?

वनिता_क

संध्याकाळी. स्वयंपाकघरात. म्हणून तिला सहानंतर आत येऊ देत नाही, बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसवते. तिला मात्र माझ्याजवळ यायचं असतं. आली की पाच मिनिटांत कान बडवायला लागते. डॉक्टर म्हणाले वागणुकीचा प्रश्न आहे, गोळी दिली आहे.

शून्य_शेष

गोळीबद्दल मी काही बोलणार नाही, ते डॉक्टरांशी बोला. स्वयंपाकघरात दिवा कोणता आहे?

वनिता_क

ट्यूब आहे. जुनी. लागताना दोनदा फडफडते. का?

शून्य_शेष

सहानंतर ती लागत असणार. दिवसा ती स्वयंपाकघरात बसते का?

वनिता_क

हो. दुपारी मी डाळ निवडते तेव्हा बसते. काही करत नाही. हे कधी लक्षात आलं नाही.

शून्य_शेष

तेच कारण असेल असं नाही. पण ट्यूब आणि चोक दोन्ही काढून साधा एलईडी बल्ब लावून बघा. पिवळसर घ्या. दीडशेच्या आत काम होईल.

नीलिमा_ओटी

वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी स्वयंपाकघरातला दिवा कधी विचारला नव्हता. आमच्या प्रश्नावलीत 'आवाज' आणि 'प्रकाश' हे दोन वेगळे रकाने आहेत. ट्यूब दोन्हींत बसते आणि म्हणून एकातही लिहिली जात नाही.

मधुमालती

धागा कुठच्या कुठे गेला, बरं झालं. लेकाला शून्य_शेष यांचा ट्यूबचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, "आपली पण आवाज करते." मी म्हटलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? म्हणाला, "मला वाटलं सगळ्यांना येतो."

वनिता_क

परवा मिस्तरी बोलावून ट्यूब काढली. त्याला वाटलं बिलासाठी. पहिल्या दिवशी ती दारातच उभी राहिली, वर बघत. काल आत आली, ओट्याला टेकून बसली, मी भाकऱ्या थापल्या तोवर बसली होती. साधारण वीस मिनिटं. तिने माझ्या पिठाच्या हाताला हात लावून बघितला.

आज पुन्हा ओरडली. पण ते कुकरच्या शिट्टीला, मला स्पष्ट दिसलं.

शून्य_शेष

किती शिट्ट्या करता?

वनिता_क

भाताला तीन. डाळीला चार.

शून्य_शेष

शिट्टी व्हायच्या आधी कुकर फुसफुसतो. तेव्हा तिच्यासमोर बोट वर करून बघा, एक. मग होऊ दे. दुसऱ्या वेळी दोन बोटं. किती राहिल्या ते तिला आधी कळलं पाहिजे. मला शिट्टी आजही आवडत नाही, पण मोजता आली की चालते.

वनिता_क

उद्या डाळीला करते. चार बोटांची.